सगळा लॉट रिजेक्ट

आमच्या साहेबांना ‘थोडंसं’ हा शब्द चालत नसे. दूध थोडंसं नासलंय, भात थोडासा करपलाय, पोरगा थोडासा हट्टी आहे, असं कोणी म्हणालं की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, “थोडंसं म्हणजे किती? मोजलंत?” मोजलेलं कोणीच नसायचं. मग निकाल ते स्वतःच देत. “म्हणजे नासलंय.” दूध मोरीत जायचं, भात कचऱ्यात जायचा, आणि पोरगा साहेबांच्या घरी पुन्हा आला तर ते त्याच्याशी बोलायचे नाहीत.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कारखान्यात पंपाचे सुटे भाग बनायचे आणि आमच्या तपासणी खात्यातून पास झाल्याशिवाय एकही भाग गेटबाहेर पडायचा नाही. खात्यात मी एकटीच बाई. पहिल्या दिवशी साहेबांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं, ज्युनिअर.” पुढे माझ्याही हाताखाली माणसं आली, माझे केस पिकले, साहेब निवृत्त होऊन बदलापूरच्या घरी बसले, तरी त्यांच्या लेखी मी ज्युनिअरच. बाजारात भेटले की चार माणसांत मोठ्याने हाक मारायचे, “काय ज्युनिअर, वांगी तपासून घेताय ना?”

तपासणीची पद्धत साधी होती. मशीनवरून पितळी बुशांचा, म्हणजे पंपात बसणाऱ्या कड्यांचा, ट्रे यायचा. त्यातले काही नग उचलायचे, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचे. सगळे बसले तर ट्रे पास. एखादा नाही बसला तर सगळा ट्रे बाजूला. इथपर्यंत सगळ्या कारखान्यांत असंच असतं. पण बाजूला काढलेल्या ट्रेमधला नग न् नग तपासून चांगला माल वेगळा काढायची सोय नियमातच होती, आणि बाकी सगळे साहेब ती वापरत. आमच्या साहेबांना ती पळवाट वाटे. “एक खराब निघाला याचा अर्थ त्या दिवशी त्या मशीनवर काहीतरी बिघडलेलं होतं. बाकीचे चांगले दिसतायत. दिसतायत, हं!” असं म्हणून ते एक बोट वर करत आणि निकाल देत, “सगळा लॉट रिजेक्ट.”

निकाल देऊन ते थांबत नसत. नापास झालेला नग पाय फुटून पास झालेल्या पेटीत जाऊन बसतो, अशी त्यांची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर कारखान्यात तसं होतही असे. म्हणून साहेबांच्या टेबलाखाली लाल रंगाचा डबा, एक ब्रश आणि एक हातोडा असायचा. वर्तमानपत्र अंथरायचं, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, नगांवर एक एक करत लाल पट्टा ओढायचा आणि रंग वाळला की प्रत्येकाला एक हातोडा. हे काम ते शिपायाला देत नसत. पूजेला बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून येणारा एक कामगार होता. हात चांगला होता त्याचा. त्या वर्षी तो कायम होणार असं सगळे धरून चालले होते. एके दिवशी त्याच्या ट्रेमधल्या एका बुशाच्या कडेला केसाएवढं कुसळ राहिलं. तो साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून.

“साहेब, येकच नग चुकला. बाकीचं तं बरं हाय ना? मी सोता घासून देतो, जेवायच्या सुट्टीत.”

“तुझ्यावर राग नाही माझा,” साहेब म्हणाले, आणि ब्रश रंगात बुडवला.

तो कायम झाला नाही. पुढे आनंदनगरच्या बाजूला कुठल्यातरी ठेकेदाराकडे रोजावर गेला. मी तेव्हा तरुण होते, तोंडाला लगाम नव्हता. मी साहेबांना विचारलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही का? ते म्हणाले, “वाटलं ना. घरी जाऊन जेवलो नाही. पण बुश पंपात बसतो, ज्युनिअर, आणि तो पंप कुठे बसतो हे मला माहीत नाही. दवाखान्यात बसत असला तर?” साहेबांशी बोलताना हीच अडचण व्हायची. एकेक वाक्य बघावं तर त्यांचं बरोबरच असायचं, आणि सगळं मिळून जे व्हायचं ते भयंकर असायचं.

प्रामाणिक इतके की दिवाळीत कच्चा माल पुरवणाऱ्याने मिठाईचा पुडा पाठवला, तर साहेबांनी पुड्यावर लाल ठिपका काढून तो तसाच परत धाडला. वरच्या लोकांनी दम दिला, बढती अडवली, साहेब हलले नाहीत. आमचा माल घेणारी गिऱ्हाइकं त्यांच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची. लबाड असते तर आम्ही त्यांना शिव्या देऊन मोकळे झालो असतो. मला आजही त्यांचा राग येतो आणि त्या रागाला धड टेकायला जागा मिळत नाही.

निवृत्त होताना खात्याने त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी कपाटात ठेवलं आणि लाल रंगाचा डबा घेऊन घरी गेले.

बदलापूरचं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक लहान बाल्कनी. घरात ते, वहिनी आणि मुलगी वृंदा. मी माझ्या नवऱ्याबरोबर दोन गल्ल्या सोडून राहायचे, त्यामुळे जाणं-येणं होतं. त्या घरात पाय ठेवला की मला तपासणी खात्यात आल्यासारखंच वाटायचं. स्टुलाचा एक पाय किंचित डुगडुगायचा, त्यावर लाल ठिपका. खिडकीची एक काच तडकलेली, तिच्यावर लाल ठिपका. “लोक आले की लाज वाटते हो,” वहिनी मला हळूच म्हणाल्या होत्या. त्यांच्या भावाने एका मुंजीत दारू पिऊन तमाशा केला, तेव्हापासून त्यांचं माहेरच रिजेक्ट झालं होतं. भावाबरोबर आई, वडील, बहीण, भाचरं, सगळा लॉट. साहेबांनी त्यांना जायला कधी बंदी केली नाही. फक्त गेल्या तर परत आल्यावर तीन-चार दिवस त्यांच्या हातचा चहा ते घेत नसत. हळूहळू वहिनींनी जाणं सोडलं. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. पोळ्या पुऱ्या केल्या आणि मग गेल्या, एवढं मला शेजारणीने सांगितलं.

एका माणसावर मात्र त्यांनी कधी लाल ठिपका काढला नव्हता, ती म्हणजे वृंदा. दुसरीत असताना तिला त्यांनी व्हर्निअर वापरायला शिकवलं. ती पेन्सिलची जाडी मोजून सांगायची आणि साहेब हसायचे. मोठेपणी तिने कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला प्रवेश घेतला तेव्हा निवृत्तीच्या पैशातून त्यांनी तिला घरी कॉम्प्युटर आणून दिला. तेव्हा बदलापुरात कॉम्प्युटर असलेली घरं शोधावी लागायची. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून तो जोडून घेतला. खरेदीला मलाही नेलं होतं, कारण कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा टायपिंग बायकांचं काम म्हणून पुरुषांनी ते माझ्यावर ढकललं होतं आणि त्या नादात मी ते यंत्र पुरतं शिकून बसले होते. दुकानात साहेबांनी एकेक स्क्रू हात लावून बघितला. दुकानदार बिचारा थकला. “साईं, आप तो ऐसे देख रहे हो जैसे लड़की का रिश्ता देखते हैं,” तो म्हणाला. साहेब म्हणाले, “रिश्ता भी ऐसेही देखूंगा.”

ते त्यांनी थट्टेत म्हटलं नव्हतं. नागपूरचं एक स्थळ त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. जुन्या ओळखीतला मुलगा, निर्व्यसनी घर, सगळं तपासून पास केलेलं. वृंदाला ते नको होतं. तिला नोकरी करायची होती. घरात बरीच बोलाचाली होऊन शेवटी बाप-लेकीत करार झाला, माझ्या आणि वहिनींच्या समोर. डिप्लोमा पहिल्या फटक्यात पुरा करून नोकरी मिळवली, तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही. नाही जमलं, तर नागपूरला होकार. आणि पोरीने नोकरी मिळवली की! पुण्याच्या एका कंपनीने कॉलेजातून तिला निवडलं. डिप्लोमा पास होऊन जुलैमध्ये हजर व्हा, असं सांगितलं. आता उरला होता फक्त प्रोजेक्ट.

प्रोजेक्ट म्हणजे तिने स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम. बदलापुरातल्या तिच्याच शाळेचं वेळापत्रक लावून देणारा. ऐकायला सोपं वाटतं. चित्रकलेच्या बाई दोनच दिवस येणार, विज्ञानाच्या सरांना लागोपाठ तीन तास नकोत, पीटीचे दोन वर्ग एकाच वेळी मैदानावर आले तर मारामारी होणार. एका शिक्षकाचे दोन तास एकमेकांवर आदळू न देता हे सगळं बसवायचं. मुख्याध्यापिका बाई दर मे महिन्यात चार्ट पेपर आणि खोडरबर घेऊन पंधरा दिवस डोकं फोडायच्या. वृंदाने वर्षभर खपून ते काम मशीनला शिकवलं होतं. तिने मला ते चालवून दाखवलं तेव्हा पडद्यावर आठवडाभराच्या तासांनी चौकोन भराभर भरत गेले आणि मी खरोखर टाळी वाजवली. साहेब मागे उभे होते. त्यांनी आठवीचा गुरुवार तपासला, मग पाचवीचा शनिवार तपासला, आणि म्हणाले, “ओके.” हा शब्द त्यांच्या तोंडून मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत फार कमी वेळा ऐकला होता. वृंदा लाजून लाल झाली.

परीक्षक यायला आठवडा उरला असताना कॉलेजातल्या कुठल्याशा फ्लॉपीवरून मशीनमध्ये व्हायरस आला. साहेबांचा निरोप आला, “ज्युनिअर, ताबडतोब या.” मी गेले. व्हायरस त्या काळातला अगदी साधा होता. अँटिव्हायरस चालवून तो मी काढून टाकला. पण त्या अँटिव्हायरसची एक खोड होती. ज्या फायली त्याला दुरुस्त करता येत नसत त्यांची नावं बदलून त्या तो एका कोपऱ्यात टाकून द्यायचा, आणि पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की त्याच फायली त्याला पुन्हा सापडायच्या. मग जोरात पीं पीं व्हायचं आणि पडद्यावर पट्टी यायची, ‘संशयित फायली सापडल्या.’

साहेब खुर्ची ओढून बसले. “हे काय आहे?”

“उरलेल्या फायली आहेत, साहेब. मेलेल्या. त्या आता काही करू शकत नाहीत. त्यांच्यात जुनी खूण दिसते म्हणून हा ओरडतो.”

“म्हणजे रिजेक्ट माल अजून खात्यातच पडलाय.”

“हो. तेवढा पुसला की झालं.”

मी पुसायला लागले. बऱ्याचशा गेल्या. दोन फायली मात्र जाईनात. त्या विंडोजच्या वापरात असल्याचा निरोप यायचा. यावर उपाय होता. स्वच्छ मशीनवर बनवलेली फ्लॉपी घालून विंडोज सुरू न होऊ देता मशीन चालू करायचं आणि मग त्या पुसायच्या. तशी फ्लॉपी माझ्या ऑफिसात होती. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी घेऊन येते, पाच मिनिटांचं काम.

“आणि माझा प्रोजेक्ट?” वृंदाने विचारलं.

“तो वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. दोनदा तपासला, स्वच्छ आहे. तुझ्या फ्लॉप्याही बघितल्या. निवांत झोप.”

“ज्युनिअर,” साहेब म्हणाले, “शंभर टक्के?”

“अँटिव्हायरसच्या स्कॅनरने ओके दिलंय, साहेब.”

“परवा ती फ्लॉपी घातली तेव्हाही स्कॅनरने ओकेच दिलं होतं. तुम्ही सांगा. शंभर टक्के?”

शंभर टक्के हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे मला साहेबांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, असं जगात कोणीच सांगू शकत नाही. मी खरं तेच बोलले. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि त्यात मला माझी चूक दिसत नाही. साहेबांनी मान डोलावली, वहिनींना मला चहा द्यायला सांगितलं आणि दारापर्यंत पोचवायला आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्लॉपी पर्समध्ये घालून मी गेले. दार वहिनींनी उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. कॉम्प्युटरचं कव्हर उघडं होतं. बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर मशीनची हार्ड डिस्क पडली होती, लाल रंगवलेली, मधोमध चेपलेली. तिच्या शेजारी वृंदाच्या सगळ्या फ्लॉप्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर लाल पट्टा आणि प्रत्येकीत खिळ्याने पाडलेलं भोक. साहेब नळावर हात धूत होते.

“या ज्युनिअर,” ते म्हणाले. “तुमचं काम वाचवलं. सगळा लॉट रिजेक्ट केला. उद्या नवी डिस्क आणतो. आता कोपऱ्यातसुद्धा काही उरलं नाही.”

मी विचारलं, “साहेब, वृंदाला विचारलंत?”

“ती कॉलेजात गेलीय. आणि विचारायचं काय? संशयित माल होता.”

तेवढ्यात वृंदा आलीच. तिने उघडं मशीन बघितलं, मग बाल्कनी बघितली. खाली बसली आणि एकेक फ्लॉपी उचलून नखाने रंग खरवडून लेबलं वाचायला लागली. रंग पुरता वाळला नव्हता, तिची बोटं लाल झाली.

“बाबा, या मावशींनी तपासलं होतं ना?” तिने माझ्याकडे बोट केलं.

“स्कॅनरने तपासलं होतं. स्कॅनर कोणी तपासला?”

“माझं वर्षभराचं काम होतं, बाबा. दुसरी कॉपी कुठेच नाही.”

“मग परत कर,” साहेब म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता, उलट माया होती. “परत केलेला नग पहिल्यापेक्षा चांगला उतरतो. तुझ्या डोक्यात आहे ना सगळं? मग डोकं कुठे गेलंय?”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “तुम्ही माणूस आहात का हो?” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं असं वाक्य असावं. साहेबांना ते समजलं नाही. ते टॉवेलला हात पुसत राहिले.

त्यांनी हे मुद्दाम केलं, नोकरी हुकावी म्हणून केलं, असं माझा नवरा म्हणायचा. मला तसं वाटत नाही. मुद्दाम केलं असतं तर त्यांच्याशी भांडता आलं असतं, चार लोकांत त्यांना उघडं पाडता आलं असतं. साहेबांनी लेकीच्या भल्यासाठी, तिच्या कामावर डाग राहू नये म्हणून हातोडा घेतला होता.

वृंदाला घेऊन मी उल्हासनगरला गेले. दुकानदाराने ती डिस्क हातात घेतली, उलटी केली, कानाजवळ नेऊन हलवली. आतून खुळखुळ आवाज आला.

“मैडम, वायरस का क्या है, मैं रोज निकालता हूँ। फॉर्मेट भी मारा होता ना, तो कुछ ना कुछ निकाल देता। ये किसने किया?”

“इनके पिताजी ने,” मी म्हणाले.

तो वृंदाकडे बघत राहिला. मग गल्ल्यावरून उठून मागच्या खोलीत गेला आणि टेबलावरचे खोके खाली काढून एक मशीन पुसलं. “बेटी, याद है तुझे? थोड़ा भी याद है? तो बैठ इधर। शटर बंद होने तक बैठ। कोई कुछ नहीं बोलेगा।” दुपारी त्याच्या घरून तिच्यासाठी जेवण आलं.

ती रोज तिकडे जाऊन बसायला लागली. साहेबांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, “त्याच दुकानातून घाण आली असणार,” आणि दुकानाचं नाव तोंडातून काढणं बंद केलं. व्हायरस कॉलेजच्या फ्लॉपीतून आला होता हे मी दोनदा सांगितलं. पण एकदा लाल ठिपका काढलेल्या गोष्टीबद्दल साहेब पुन्हा ऐकून घेत नसत. आठवड्याअखेर वृंदाने बरंच उभं केलं. वेळापत्रक भरत होतं. शिक्षकाचे दोन तास एकमेकांवर आदळले तर ते सोडवायचा भाग तेवढा व्हायचा राहिला होता. मी बघितलं आणि म्हटलं, चालतंय की! दाखवायला पुष्कळ झालं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. नव्या डिस्कवर तिने प्रोग्रॅम चालवून बघितला. साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आठवीचा गुरुवार बघितला. विज्ञानाचे सर एकाच वेळी दोन वर्गांत दिसत होते.

“हे काय?”

“तेवढं राहिलंय, बाबा. थोडंसंच.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “थोडंसं चालतंय याचा अर्थ चालत नाही. असा माल घेऊन परीक्षकांसमोर जायचं नसतं. तू माझी मुलगी आहेस.”

मी भांडले. पहिल्यांदा आणि शेवटचं. “जाऊ दे तिला, साहेब, तुमचं ते गेज चुलीत घाला,” असं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “वृंदे, तू जा, ऐकू नकोस.” वृंदा पडद्याकडे बघत होती. मग तिने मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्या घरात वाढलेली पोर होती. विज्ञानाचे सर दोन वर्गांत दिसत असताना तो प्रोग्रॅम स्वतःच्या नावावर दाखवणं तिलाच जमेना.

निकालानंतर तिच्या कॉलेजचे सर मला स्टेशनबाहेर भेटले. म्हणाले, “ती आली का नाही हो? नुसती येऊन उभी राहिली असती तरी पास केलं असतं. सगळ्यांचे प्रोजेक्ट अर्धेमुर्धेच होते. कितीतरी जणांचे तर सुरूही झाले नाहीत.” हे मी वृंदाला सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग असल्या डिप्लोम्याला किंमत काय?”

करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. साहेबांनी नागपूरला कळवलं, वृंदाने मान डोलावली. पुण्याच्या कंपनीने दुसरी मुलगी घेतली. मुख्याध्यापिका बाई जूनमध्ये वेळापत्रकाची चौकशी करायला घरी आल्या तेव्हा वृंदा म्हणाली, “बाई, मला जमलं नाही ते.” बापाचं नाव तिने घेतलं नाही. बाई पुन्हा चार्ट पेपर आणि खोडरबर घेऊन बसल्या. लग्न अंबरनाथच्या एका हॉलमध्ये झालं, सगळं वेळेवर, नीटनेटकं. निघताना साहेब लेकीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. त्यांचं रडणं खरं होतं. मी बघत उभी होते आणि मला त्यांची जराही दया आली नाही.

नागपूरचा मुलगा वाईट निघाला नाही, हे सांगायला हवं. तिकडे कॉम्प्युटरही होता, सासऱ्यांच्या दुकानाची बिलं करायला. वृंदा बिलं करायची. शेजारच्यांच्या फोनवर ती आईशी बोलायची. साहेब दुपारी वाचनालयात असतात तेवढ्याच वेळात तिचा फोन यायचा. बाळंतपणाला तिने वहिनींनाच तिकडे बोलावून घेतलं. बदलापूरला काही ती आली नाही.

पुढच्या वर्षी एका रविवारी साहेबांनी मला मुद्दाम बोलावलं. “ज्युनिअर, जरा बघून जा.” मी गेले नसते, पण वहिनींसाठी गेले. साहेब नवीन शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. मशीनवर धुळीचा कण नव्हता. त्यांनी बटण दाबलं. अँटिव्हायरस सुरू झाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी डिस्क त्याने तपासली. त्याला तपासायला फार काही नव्हतंच. आवाज नाही, पट्टी नाही. पडद्यावर आलं, ‘एकही संशयित फाइल नाही.’

साहेबांनी माझ्याकडे वळून बघितलं. शाळेत पहिला आलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता. “वर्ष झालं,” ते म्हणाले. “रोज सकाळी चालवतो. एकदाही वॉर्निंग नाही. याला म्हणतात स्वच्छ मशीन.”

वहिनी चहाचे कप घेऊन आल्या. एक माझ्यापुढे ठेवला, एक साहेबांच्या हातात दिला. पडद्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

“वॉर्निंग कशी येईल?” त्या म्हणाल्या. “वापरतंय कोण?”